घरातलं जोखम

१७ जून १९९६, सोमवार

सुरतेतली आमची मराठी शाळा सुरू झाली. शिकवायला पाचवी ब मिळाली, पट एकावन्न. साडेबाराला सुटल्यावर पोलीस ठाण्यात गेले. दीड तास बसवलं. मग फौजदारांनी रजिस्टर काढून वाचून दाखवलं. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर एक, काडतुसं चोवीस, परवानेदार भाईदास नथू पाटील, ठाण्यात जमा.

परवानेदार मयत झाला की परवाना संपतो. वारसाने ते परवानावाल्या माणसाला विकावं, नाही तर स्वतःच्या नावाचा परवाना काढून घरी न्यावं. काहीच केलं नाही तर काही काळाने सरकारजमा.

"वेची नाखो, बेन," फौजदार म्हणाले.

मी म्हटलं, विकणार नाही, परवाना काढणार.

"कोना नामे? दीकरो छे?"

मुलगा नाही, माझ्याच नावे, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. लेखनिकाला म्हणाले, बेनला कुठे जायचं ते लिहून द्या. लेखनिकाने चिठ्ठीवर लायसन्स शाखेचा पत्ता लिहून दिला आणि चिठ्ठी देताना हसला. मी त्याचं हसू घेतलं नाही, चिठ्ठी घेतली.

ही मिलची डायरी ह्यांनी जानेवारीत आणून दिली होती. कोरीच पडली होती. आता जे होईल ते तारखेनिशी लिहून ठेवणार आहे. उद्या कोणी म्हणायला नको की बाईला नीट सांगता येत नाही.

हे दहा एप्रिलला गेले. कडोदऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कॅशियर होते. पगाराची रक्कम बँकेतून नेताना कॅनॉलच्या पुलाजवळ तिघांनी रिक्षा अडवली. तिघांकडे मिळून एक गावठी कट्टा. ह्यांच्या कमरेला म्यान होतं आणि म्यानात फडक्यात गुंडाळलेलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन. पंचनाम्यात तसंच लिहिलं आहे. रिव्हॉल्वर ठाण्यात होतं, कारण निवडणूक. निवडणूक लागली की परवानेवाल्यांनी हत्यारं जमा करायची असा हुकूम निघतो. कट्टेवाल्यांसाठी हुकूम निघत नाही.

वजन कशासाठी ते मी ओळखलं. माणूस रिकाम्या हाताने चालला आहे हे रस्त्यावरच्यांना कळू नये. रोज सकाळी माझ्यासमोर पट्टा बांधायचे, पण मलाही बोलले नाहीत. जमा केल्याची पावती मला दहाव्यानंतर कपाटात सापडली. कार्बनची प्रत, तारीख पुसट. एकच शब्द धड वाचता येतो, जमा.

ज्याने नियम पाळला तो गेला. म्हणून मला ते परत हवं आहे. विकत नाही.

२० जून, गुरुवार

पंडितभाऊजी नवागामहून पाळीच्या आधी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, कापडाच्या लूमवर आहेत. केसांत कापसाची धूळ तशीच. ठाण्यातली बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे.

"वहिनी, त्या बंदूकनं तुमले काय करनं शे?"

"ठेवायची आहे."

"कोठे?"

"होती तिथे. कपाटात."

"विकी टाका. मी गिऱ्हाईक लावस."

"घाबरता कशाला, भाऊजी? तुमच्यावर नाही झाडणार."

ते हसले नाहीत. "माले मना भ्याव नही, वहिनी," म्हणाले आणि चहा बशीत ओतून पीत राहिले. जाताना दारात थांबले, वर गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं आणि गेले.

खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाई भाजी घेऊन आल्या. गॅस कालपासून संपला आहे. स्टोव्ह आहे, पण रॉकेलचा डबा खाली त्यांच्याकडे असतो. डिसेंबरात ह्यांनीच नेऊन ठेवला, गळतो म्हणाले. लागेल तेव्हा त्या वाटीत काढून आणतात आणि चहाला उकळी येईपर्यंत शेजारी उभ्या राहतात. सहा महिने झाले. आता मलाही सवय झाली आहे. पण आज म्हटलं, "प्रमिलाबाई, बसा तरी."

"उभीच बरी," म्हणाल्या. "बसलं की गुडघे धरतात."

२ जुलै, मंगळवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून लायसन्स शाखेत गेले. रांगेत मी एकटीच बाई. पुढे सोन्याची साखळी घातलेला एक बिल्डर, मागे एक पेट्रोलपंपवाला. खिडकीवरचे कारकून देसाईभाई. चष्मा कपाळावर, तोंडात मावा.

त्यांनी अर्ज चाळला. "तमारे जोखम शुं छे, बेन?"

आपल्या मराठीत जोखीम म्हणजे धोका. सुरतेत जोखम म्हणजे सांभाळून न्यायची चीज, रोकड, हिरे, दागिना. ह्यांच्या तोंडी सोळा वर्षांत तोच शब्द बसला होता. "आज जोखम मोठं आहे, उशीर होईल." मीही तसाच अर्थ घेतला. म्हटलं, "काही नाही. चार बांगड्या आहेत, त्या बँकेत ठेवल्या आहेत."

बिल्डर हसला. देसाईभाईंनी मावा गालात सरकवला. "ए नहीं, बेन. जाननुं जोखम. धमकी, दुश्मनी. कोना तरफथी?"

"कोणाकडूनच नाही."

"तो लायसन्स शेनुं?"

"ज्यांना धोका होता त्यांचं तुम्ही जमा करून घेतलं. आता मी परत मागते."

बिल्डर वळून हळूच म्हणाला, "लखी नाखो ने, बेन. अजाण्या इसमो तरफथी धमकी. बधा एज लखे छे." सगळे हेच लिहितात म्हणे. त्याच्या अर्जावरही तेच असणार.

म्हणजे खोटं लिहिणाऱ्याला मिळतं. मी कारणाच्या रकान्यात मराठीतच लिहिलं, पतीची वस्तू आहे, मी सांभाळीन. देसाईभाईंनी ते दोनदा वाचलं. "आ तो कारण नथी," म्हणाले, पण शिक्का मारला.

३ जुलै, बुधवार

मला रिव्हॉल्वर चालवता येत नाही. आठ वर्षांत एकदाच हातात घेतलं, साफ करताना हे बाहेर गेले म्हणून. जड लागलं होतं. हे आत येताच मी लगेच परत दिलं. हे इथे लिहिते कारण कोणी विचारलं तर खोटं बोलता येणार नाही.

चालवता येत नाही आणि हवं आहे. पाचवी बमधल्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी फुली मारली असती. तरी हवं आहे.

१४ जुलै, रविवार

चौकशीला जमादार आला. पावसाने भिजलेला, पन्नाशीचा. पायपुसण्यावर बूट तीन वेळा घासले, मग आत आला. शाळेचा दाखला पाहिला, घर पाहिलं, कपाटाचा कुलपाचा कप्पा उघडायला लावला. मग कागदावरून एकेक प्रश्न वाचू लागला. गुन्हा? नाही. दारू? नाही. उधारी, भांडण, कोर्टकचेरी? नाही.

"घरमां कोईने मगजनी तकलीफ? पहेलां के हमणां?"

मी म्हटलं, नाही. घरात मी एकटीच आहे.

मग त्याने प्रमिलाबाईंना वर बोलावलं. शेजाऱ्याचा जबाब लागतो म्हणे. सरळ बाई आहेत, सोळा वर्षं ओळखतात, चारित्र्य उत्तम, हे सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. तो शेवटचा प्रश्न आला आणि त्या माझ्याकडे बघू लागल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"ते त्यांनाच विचारा," म्हणाल्या.

"एमने पूछ्युं. हवे तमने पूछुं छुं."

"मला काय माहीत. मी खाली राहते."

जमादाराने काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही.

तो गेल्यावर मी म्हटलं, "एवढं नाही म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"सही करायची होती ना त्याच्याखाली."

"मग?"

"मग काही नाही." त्या जिना उतरल्या. अर्ध्यातून म्हणाल्या, "आमटी ठेवलीय झाकून. कितीही रागावलात तरी खा."

खाल्ली नाही. बाईमाणसाने हत्यार मागितलं की सगळ्यांना तिचं डोकं फिरल्यासारखंच वाटतं. तोच बिल्डर, त्याच्या शेजाऱ्याला विचारलं असेल का कोणी त्याच्या डोक्याबद्दल?

२७ जुलै, शनिवार

आज आमच्या मुलीला, धनश्रीला, अठरा पूर्ण झाली असती. ऑक्टोबरात विषारी मलेरियाने चार दिवसांत गेली. डॉक्टर म्हणाले, डोक्यात चढला. बारावीचं वर्ष होतं. तिची पुस्तकं पंडितभाऊजींच्या पोरीला दिली, कंपासपेटी ठेवली.

गेल्या हिवाळ्यातलं मला फारसं आठवत नाही. शाळेतून दोन महिने रजा होती. संध्याकाळी मी गच्चीवर जायचे. कठड्याला टेकलं की बरं वाटायचं, खाली रस्ता लहान दिसायचा. थोड्या वेळाने हे वर यायचेच. काही बोलायचे नाहीत, माझ्या दंडाला धरून उभे राहायचे. मग गच्चीला कुलूप लागलं. पाण्याच्या टाकीत पोरं घाण टाकतात म्हणून सोसायटीने लावलं असं हे म्हणाले. न्हाणीघराची कडी तेव्हाच मोडली, ती अजून बसवलेली नाही. माणूस कामाला लागला की अशा गोष्टी राहून जातात.

तेव्हा हे रात्रपाळीच्या माणसासारखे दिसायचे, डोळे लाल. मी विचारलं नाही, झोपता का म्हणून. मला तेव्हा कोणाचंच काही विचारावंसं वाटत नव्हतं.

आज शिरा केला. कोणासाठी ते विचारात न घेता केला. मग उरला तो खाली पाठवला, भांडण असलं तरी.

९ ऑगस्ट, शुक्रवार

लायसन्स शाखेच्या साहेबांपुढे सुनावणी होती. साहेब बडोद्याला शिकलेले, मराठी समजतं, बोलतात हिंदीत. समोर माझी फाइल होती आणि ठाण्यातून मागवलेलं रजिस्टर.

"मॅडम, आपने लिखा है, मैं सँभालूँगी. किससे?"

मी घरून ठरवून गेले होते. बसूनच बोलले, पण सगळं बोलले. म्हटलं, माझ्या यजमानांनी आठ वर्षं परवाना बाळगला. दर नूतनीकरणाला काडतुसं मोजून दाखवली, एकही कमी झालं नाही. असा माणूस तुम्हाला सापडतो, कारण तो स्वतःहून येऊन नाव लिहून देतो. कट्टेवाला सापडत नाही, कारण तो येत नाही. मग तुमचा नियम कोणाला लागला? जो आधीच सरळ होता त्यालाच. आमच्या वर्गात मागच्या बाकावर दंगा झाला म्हणून मी पुढच्या बाकावरच्यांची पट्टी काढून घेत नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाले, "लायसन्स हथियार का नहीं होता, मॅडम, आदमी का होता है. हम हथियार को क्या पूछेंगे? और वो तीन लोग पकड़े गए, तो कट्टा रखने का ही पहला गुनाह लगेगा. लायसन्स न होता तो मैं उन्हें किस बात पे रोकता?"

याचं उत्तर घरी आल्यावर सुचलं, आधी पकडा तर खरं.

तिथे मी एवढंच म्हटलं, "निवडणुकीच्या हुकमाने त्यांचं काढून घेतलं नसतं तर ते आज असते."

साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. निवडणुकीच्या हुकमानंतर मार्चमध्ये त्या ठाण्यात जमा झालेल्या हत्यारांची यादी होती. त्यात ह्यांचं नाव नव्हतं. दोन पानं मागे होतं. अकरा जानेवारी. निवडणूक तेव्हा जाहीरसुद्धा झाली नव्हती.

"किसीने लिया नहीं. वो ख़ुद आके रख गए."

शेवटच्या रकान्यात कारण होतं, गुजरातीत. घरमां जोखम होवाथी.

मी हसले. खरंच हसू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, "साहेब, घरात जोखम आलं तर माणूस हत्यार घरी आणतो की घराबाहेर नेऊन ठेवतो? तुमच्या लेखनिकाने उलटं लिहिलं आहे. अशा लोकांच्या हातात तुम्ही परवाने देता."

साहेब हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की मूळ अर्ज ठाण्याच्या फायलीत असेल, मी पाहू शकते. फैसला ते पंधरवड्यानंतर देतील. मी चहा घेतला नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

अकरा जानेवारी आठवून पाहिली. संक्रांतीच्या आधीचा गुरुवार. त्या दिवशी ह्यांनी मला ही डायरी दिली का? की आदल्या दिवशी? रोकड घरी कधीच आणत नसत. तेव्हा तर दवाखान्यापायी होतं तेही गेलं होतं. मग घरात होतं काय? कपाट, टीव्ही, धनश्रीची सायकल, आणि आम्ही दोघं.

मिलमालकाने सांगितलं असेल. किंवा ठाण्यातल्यांनी काही लफडं केलं असेल आणि आता तारीख फिरवत असतील. ते मी शोधून काढणार आहे. पंडितभाऊजींना माहीत असणार. हे त्यांना सगळं सांगत.

११ ऑगस्ट, रविवार

नवागामला गेले. भाऊजी रविवारीही लूमवर होते, म्हणून मी खात्यात गेले. चोवीस लूम चालू असले की तिथे माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखावं लागतं. मला बघून त्यांनी हातातला बॉबिन खाली ठेवला.

मी ओरडून विचारलं, "ह्यांनी जानेवारीत रिव्हॉल्वर का जमा केलं?"

"काय?"

"रिव्हॉल्वर. का जमा केलं?"

"आवाजमा ऐकू येत नही, वहिनी."

मी कानाजवळ जाऊन पुन्हा विचारलं. त्यांनी तुटलेला धागा शोधायला मान खाली घातली. धागा तुटलेला नव्हता. मी पाहिलं.

"तुम्ही संगे गेला होता ना ठाण्यात?"

मान हलवली, हो अशी.

"मग सांगा की."

"भाऊनी सांगेल व्हतं, वहिनीले सांगानं नही." मग एकदम मोठ्याने, सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही जेवनात का?"

मी म्हटलं, जेवले. जेवले नव्हते. तिथून निघाले. सगळी माणसं मला सोडून एकमेकांना काहीतरी सांगून ठेवतात असं या घरात कधीपासून चाललं आहे?

२१ ऑगस्ट, बुधवार

ठाण्यात गेले. फौजदारांनी फाइल काढली आणि अर्ज समोर ठेवला.

ह्यांचंच अक्षर. रोकडवहीत लिहायचे तसं, एकाही शब्दाला खाडाखोड नाही. गुजरातीत होता. उतरवून आणला आहे.

"सविनय जणाववानुं के मारा घरमां हाल जोखम छे. तेथी हथियार घरमां रखाय तेम नथी. ए जोखम बराबर सचवाय त्यां सुधी हथियार आपने त्यां जमा राखवा विनंती छे." घरातलं जोखम नीट सांभाळलं जाईपर्यंत हत्यार तुमच्याकडे ठेवा, असं.

फौजदार म्हणाले, "अमे तो समज्या के रोकड हशे."

मी म्हटलं, मीही तसंच समजले होते.

रिक्षा केली नाही, चालत आले. चाळीस मिनिटं लागली. आल्यावर न्हाणीघराच्या दाराजवळ उभी राहिले. कडी मोडलेली नाही. चारही स्क्रू काढलेले आहेत, भोकं स्वच्छ आहेत. वर गेले. सोसायटीची कुलपं पितळेची आहेत. गच्चीचं कुलूप आमच्या जुन्या ट्रंकेचं आहे.

वजन रस्त्यावरच्यांसाठी नव्हतं. कपाटातला कप्पा रिकामा आहे हे मला कळू नये म्हणून ते रोज सकाळी माझ्यासमोर अर्धा किलो लोखंड कमरेला बांधून जात होते.

२२ ऑगस्ट, गुरुवार

शाळेत गेले. अपूर्णांक शिकवले.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

राग आला आहे. कालपासून तोच येतो आहे.

मला विचारायचं होतं. एकदा समोर बसवून म्हणायचं होतं, सुषमा, तू असं काही करणार आहेस का? मी काय उत्तर दिलं असतं माहीत नाही. कदाचित नाहीच म्हटलं असतं, जमादाराला म्हटलं तसं. पण विचारायचं होतं. मी काही बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर नव्हते, अर्ज लिहून कुठे तरी सांभाळून ठेवायला.

आणि रिकामं म्यान घेऊन तीन महिने त्या रस्त्याने गेले. हिशेबाचा माणूस. दोन जोखमं होती, एकाच वेळी दोन्ही सांभाळता येत नव्हती, तर त्यांनी एक निवडलं.

कुठल्याच नियमाने त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं. मी चार महिने नियमाशी भांडते आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

भाऊजी आले. दारातच उभे राहिले.

"वाचं का?" त्यांनी विचारलं.

"वाचलं."

"मी भाऊले सांगं व्हतं, वहिनीले पूस. तो म्हने, पूसामुळे तिना मनमा आनखी येई."

"तुम्ही मला बाजूला घेऊन सांगायचं होतं."

"हां," म्हणाले. "चुकनं." मग आत आले, बसले, चहा प्याले. जाताना म्हणाले, "आते गिऱ्हाईक लावू का?"

"नाही," मी म्हटलं. "अर्ज मागे घेणार नाही."

त्यांनी डोक्याला हात लावला. "भाऊ बरोबर म्हने. तुमनासंगे कोन बोली."

२६ ऑगस्ट, सोमवार

शाळा सुटल्यावर लायसन्स शाखेत गेले. देसाईभाईंना म्हटलं, माझ्या चौकशीत एक उत्तर चुकीचं गेलं आहे, ते दुरुस्त करायचं आहे.

"कयुं?"

मी वेगळ्या कागदावर लिहूनच नेलं होतं. मराठीत लिहिलं, खाली गुजरातीत. घरात कोणाला मानसिक त्रास होता का या प्रश्नाला मी नाही असं सांगितलं ते खोटं आहे. ऑक्टोबर ते जानेवारी मला स्वतःला होता. शेजारी प्रमिलाबाई यांना ते माहीत होतं. त्यांनी खोटी सही केली नाही, त्याबद्दल त्यांना कोणी बोलू नये. फेब्रुवारीपासून मी शाळेत शिकवते आहे. आता तसं नाही. अर्ज कायम आहे.

देसाईभाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. खिडकीतून पुढे वाकून हळू बोलले, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"बेन, आ मूकशो तो ना ज आवशे. रहेवा दो. फाडी नाखुं?"

"फाडू नका. नकार यायचा तर खऱ्या कागदावर येऊ दे."

"पण तमारे तो जोइए छे."

"हवं आहे. अजून हवं आहे. पण इथे सगळे खोटं लिहितात असं तो बिल्डर म्हणाला होता, तेवढं एक कमी होईल."

त्यांनी शिक्का मारला. नेहमीपेक्षा हळू मारला. मग आत जाऊन तो कागद फाइलला स्वतः दोऱ्याने बांधून आले. नकार आला तर मी वर अपील करणार. तेही नामंजूर झालं तर रिव्हॉल्वर त्यांच्याकडे राहील. माझ्या घरी येवो न येवो, ते चुकून कोणा धमकीवाल्याला विकू देणार नाही. पट्टा आणि म्यान मात्र माझं आहे, ते कोणत्याही रजिस्टरात नाही.

घरी आले तर गॅस संपलेला. सकाळीच संपला होता, विसरले. खाली गेले. प्रमिलाबाई तांदूळ निवडत होत्या.

"वाटी आणते," म्हणून उठल्या.

"वाटी नको. डबा द्या."

त्या ताट हातात धरून थांबल्या. "गळतो ना तो?"

"गळत नाही. कधीच गळत नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कुकरच्या दोन शिट्या झाल्या. मग त्यांनी बाकाखालून डबा ओढून काढला, झाकण घट्ट आहे का पाहिलं, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"मी येऊ वर?"

"नको. तुमचा भात लागेल."

"जमादाराला मी..."

"बरोबर केलंत तुम्ही. उद्या ताक देते, या."

डबा जड होता, जवळजवळ भरलेला. दोनदा पायरीवर टेकवून वर आणला. स्टोव्ह खाली घेऊन टाकीत नरसाळं लावलं, रॉकेल ओतलं, सांडलं ते कागदाने पुसून कागद बाहेर टाकला. वाती काजळलेल्या होत्या, कात्रीने सारख्या केल्या. हात साबणाने धुतले, कोरडे केले. डबा लांब कोपऱ्यात ठेवला. मग काडी ओढली, एकेक वात पेटवली, ज्योत निळी होईपर्यंत थांबले आणि एक कप पाणी मोजून चहाचं आधण ठेवलं.